हाताला लागेल तेवढंच

आजच्या निवृत्ती-सत्कार समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान असलेले आमच्या जलबचाव खात्याचे संचालक, ज्यांनी सकाळपासून खुर्च्या मोजून मोजून लावल्या आणि तरीही ज्यांना स्वतःला बसायला खुर्ची उरलेली नाही ते व्यवस्थापक, पथकातले आजी-माजी पाणबुडे, दोरीवाले, गाडीवाले, कंप्रेसरवाले, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या वहिनी, उपस्थित बंधुभगिनींनो, आणि आजचा उत्सवमूर्ती, जो आत्ता पुष्पगुच्छ कुठे ठेवावा या विवंचनेत आहे, तो माझा थोरला भाऊ. दादा, खाली ठेव तो. कुणी नेत नाही.

माईक जरा खाली घेता का? माझ्या आधीचे वक्ते सगळेच उंच होते, पदाने आणि अंगानेही. हं, आता बरं झालं.

माझी ओळख करून देताना निवेदकांनी 'त्यांच्या भगिनी' एवढंच सांगितलं. त्यांची चूक नाही, मला फारसं कुणी पाहिलेलं नसतं. डेपोच्या मागच्या बाजूला, कंप्रेसरच्या खोलीला लागून एक बोळवजा खोली आहे. तिथे रबरी सूट उलटे टांगलेले असतात आणि डिंकाच्या वासाने नव्या माणसाचं डोकं धरतं. ती माझी खोली. तुमचे सूट फाटले, मान सैल झाली, चेन अडकली की ते माझ्याकडे येतात. पाणबुडे शूर असतात याबद्दल आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं. ते सगळं खरंच आहे. पण ते सूट वाळवत नाहीत, हेही कुणीतरी या व्यासपीठावरून सांगायला हवं होतं.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि 'हलकंफुलकं बोला, घरच्या आठवणी सांगा' अशी सूचना आहे. तर घरची आठवण सांगते.

दादा पथकात लागला त्या वर्षापासून आमच्या आईचं डोकं फिरायची पाळी आली. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, वरच्या फळीवर साखर आहे का बघ." दादा फळीवर हात फिरवायचा आणि सांगायचा, "हाताला लागली नाही." आई म्हणायची, "आहे की नाही?" हा म्हणायचा, "ते मी कसं सांगू? मला लागली नाही." आई लाटणं घेऊन बाहेर यायची. "मेल्या, डोळे दिलेत ना देवाने? ते काय शोभेला?" आणि साखर नेमकी डब्यामागे निघायची. मग आईचा राग आणखी वाढायचा, कारण दादाचं म्हणणं खरं ठरायचं.

मंडळी, तुम्ही हसलात, बरं वाटलं. पण पथकातले लोक हसले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण हा आमच्या पथकाचा नियम आहे. गढूळ पाण्यात डोळे उपयोगाचे नसतात. गाळ उठला की स्वतःचा पंजासुद्धा दिसत नाही. तिथे माणूस जे काही जाणतो ते हाताने. आणि घाबरलेला माणूस हाताला न लागलेल्या गोष्टीही सांगू लागतो. म्हणून बाहेर आल्यावर पाणबुड्याने हाताला लागेल तेवढंच सांगायचं. 'आत कोणी नाही' असं म्हणायचं नाही. 'मला सापडलं नाही' असं म्हणायचं. पलीकडच्या भिंतीपर्यंत हात गेला असेल, तरच भिंतीचं नाव घ्यायचं.

याच नियमापायी मी एक उद्योग सुरू केला. अंधारात दोन पाणबुडे एकमेकांना चाचपतात, तेव्हा कोण कोण हे कळायला हवं. म्हणून मी प्रत्येकाच्या सुटाच्या खांद्यावर वेगळ्या आकाराचं रबर चिकटवायला लागले. कुणाला चौकोन, कुणाला फुली. दादाला एक गोल. आणि आमच्या ह्यांना शेजारी शेजारी तीन पट्ट्या.

आमचे हे म्हणजे कोण, ते नव्या लोकांना माहीत नसेल. हेही पथकातच होते, दादाचे जोडीदार. पथकात त्यांना सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तोंडात हवेची नळी असतानाही हे बोलायचे. पाण्यातून नुसते बुडबुडे वर यायचे आणि वरचे दोरीवाले म्हणायचे, बातम्या लागल्या. लग्नाआधी दादाने मला बजावलं होतं, "माणूस चांगला आहे, पण तुला झोप मिळणार नाही." खरंच मिळाली नाही. घोरण्याआधी आणि घोरण्यानंतर हे बोलायचे. मधला वेळ काय तो माझा.

आता त्या नकाशेवाल्या प्रसंगाकडे येते. माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनी तो सांगितला आणि तिघांनीही टाळ्या मिळतात तिथे थांबवला. मी त्यांना दोष देत नाही. सत्काराच्या सभेत गोष्ट कुठे थांबवावी, हे कळायलाही अनुभव लागतो. माझ्याकडे तो नाही.

जलपुरवठा केंद्राच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी जो डोह आहे, त्यात पाण्याखाली गुहेचं तोंड आहे. शहराचं पाणी त्या डोंगराच्या पोटातून येतं, तेव्हा पोटात काय आहे याचा नकाशा हवा, असं कुणालातरी वाटलं. दोन माणसं आत गेली. एक बाहेर आला आणि त्याने आतल्या टोकाच्या घुमटापर्यंतची वाट सांगितली. दुसरे, म्हणजे आपले नकाशेवाले, आतच राहिले. त्यांची दोरी खडकावर घासून तुटली होती. दुसऱ्या खात्याचे पाणबुडे आत जाऊन आले आणि काठावर येऊन म्हणाले, "आत कोणी नाही." साहेब लोक घड्याळाकडे पाहायला लागले. नकाशेवाल्यांचे वडील तिथेच एका दगडावर बसले होते, ते उठून उभे राहिले आणि परत बसले.

दादाने त्या पाणबुड्याला विचारलं, "घुमटाच्या पलीकडच्या भिंतीला हात लागला?"

"अहो, गाळ इतका होता की..."

"लागला का?"

"नाही."

"मग तुम्ही असं म्हणा, की मला सापडला नाही. त्या म्हाताऱ्याकडे बघून म्हणा."

तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला. दादा आणि हे सूट चढवायला लागले. ह्यांची मानेची चेन मीच लावली. माझं तिथे कामच ते होतं. "रात्री भात जास्त टाक, भूक लागणार आहे," असं हे म्हणाले. शेवटचं वाक्य म्हणून काहीतरी मोठं सांगायला मला आवडलं असतं, पण ते एवढंच होतं.

आत काय झालं ते दादाने सांगितलं म्हणून मला माहीत आहे, आणि दादाने किती सांगितलं असेल ते तुम्ही ओळखालच. तोंडातून आत गेलं की एक खिंड लागते, इतकी अरुंद की गुडघ्यांवर, मग पोटावर सरपटत जावं लागतं. पुढे मोठी पोकळी आणि तिच्या टोकाला तो घुमट. दादा भिंत चाचपत घुमटाखाली पोचला आणि त्याने हात वर केला. हात पाण्याबाहेर आला. छताखाली थोडी हवा अडकली होती. तो हात हवेत फिरवत असताना एका गार पंजाने त्याचं मनगट धरलं.

नकाशेवाले जिवंत होते. ती हवा इतकी वापरून झाली होती की त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दादाने डोकं वर काढलं तेव्हा ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "माझा नंबर आला का?" दाताच्या डॉक्टरांकडे बाहेर बाकावर बसलोय, असं त्यांना वाटत होतं. आणि आमचे हे मागून म्हणाले, "हो हो, या, डॉक्टर बोलावताहेत." एवढी गोष्ट मात्र दादाने मी न विचारता मला सांगितली.

परत येताना दादा पुढे, नकाशेवाले मध्ये, आणि हे मागे, जादाचा सिलिंडर काखेत धरून, नकाशेवाल्यांच्या घोट्यावर एक हात आणि दोरीवर एक हात ठेवून. खिंडीत नकाशेवाल्यांचा पाय अडकला. ते घाबरले, लाथा मारायला लागले. गाळ उठला. मग पाय सुटला, आणि दादाने त्यांना ओढून काढलं. दोघं डोहात वर आले. काठावर टाळ्या झाल्या. त्या दगडावरचे वडील पाण्यात चपलांसकट उतरले. तिथपर्यंतची गोष्ट तुम्ही आज तीनदा ऐकली आहे.

मी कोरडी घोंगडी घेऊन उभी होते. दोन डोकी वर आली. मी तिसऱ्याची वाट पाहत होते आणि टाळ्यांमुळे मला बुडबुड्यांचा आवाज येत नव्हता. गप्प बसा म्हणून मी ओरडले, असं लोक सांगतात. मला आठवत नाही. दादाने मागे हात घातला आणि दोरी हलवून पाहिली. दोरी हलकी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नवा सिलिंडर घेतला आणि परत आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा सगळे पांगले होते, रुग्णवाहिकासुद्धा गेली होती. त्याने मला समोर बसवलं आणि सांगितलं, "दोरी शाबूत आहे. त्याचा जादाचा सिलिंडर खिंडीतल्या कपारीत उभा करून ठेवलाय. तो हाताला लागला नाही."

नकाशेवाल्यांना एवढंच आठवतं, की पाय अडकला होता आणि मग सुटला. मी चेन आणि पट्टे सोडवण्यात जन्म घालवलेली बाई आहे. अडकलेला पट्टा असो की पाय, एका हाताने सुटत नाही. दोन्ही हात लावायचे, तर काखेतला सिलिंडर कुठेतरी ठेवावा लागतो. आणि दोरी सोडावी लागते. दादालाही हे त्याच क्षणी कळलं असणार. पण ते त्याच्या हाताला लागलेलं नव्हतं, म्हणून तो बोलला नाही.

पुढचे बरेच दिवस शोध चालला, मग पाऊस झाला, आतला ओढा वाढला आणि शोध बंद झाला. खात्याने दादाला विचारलं, "तुमच्या मते काय?" दादा म्हणाला, "मला मत नाही. मला सापडला नाही." त्यांनी चार प्रकारे विचारलं. याने चारही वेळा तेच सांगितलं.

मंडळी, ज्या नियमामुळे एका म्हाताऱ्याला मुलगा परत मिळाला, त्याच नियमाने माझं घर अडकून पडलं. मी विधवा झाले नाही आणि संसारातही राहिले नाही. ह्यांच्या चपला दाराशी तशाच. पुसाव्यात की उचलाव्यात, हे कुणाला विचारणार? सासूबाई जाईपर्यंत दाराला आतून कडी लावू देत नसत. लेक तेव्हा दुधाचे दात पाडत होती. शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात? ती म्हणाली, "मामा त्यांना शोधतो." बाईंना वाटलं, माणूस घर सोडून पळालाय. पुढे वर्षभर त्या मला भेटल्या की उगाच माझा हात दाबायच्या. आज ती लेक नोकरी करते, स्वतःची गाडी चालवते, मागच्या रांगेत बसली आहे आणि आईने आता आवरतं घ्यावं अशा खुणा करते आहे.

नकाशेवालेही आले आहेत. उठू नका, बसा. हे गृहस्थ इतकी वर्षं न चुकता माझ्याकडे येतात. चहा घेतात. बोलायला काही सुचत नाही, म्हणून हातोडी मागतात. माझ्या घरातला नळ गळत नाही, खिडकी करकरत नाही, एकही खुर्ची डुगडुगत नाही. नकाशेवाले, तुम्ही जगलात याचं मला बरं वाटतं. सुरुवातीला नव्हतं वाटत, खोटं कशाला बोलू? आता वाटतं. यायचं ते या, पण नुसते बसायला या.

आणि दादा? दादा दरवर्षी पाणी उतरलं की सरावाच्या नावाखाली त्या डोहात जायचा. पथकातले दोघे-तिघे सोबत असायचे. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, त्यांचे उपकार आहेत. संध्याकाळी दादा माझ्याकडे यायचा, केस ओले, डोळे लाल. मी ताट वाढायचे. तो सांगायचा, "डावीकडची भिंत पुरी झाली. हाताला लागला नाही." जेवायचा आणि जायचा. वहिनी, तुम्हाला त्या दिवशी झोप लागत नसे, हे मला माहीत आहे. मलाही लागत नसे. मी त्याच्या येण्याची वाट पाहायचे आणि तो आला की मला राग यायचा. ह्यांच्यावर यायचा, की दोरी का सोडलीत. दादावर यायचा, की एकदा काय ते बोलून का टाकत नाहीस.

आता मूळ मुद्द्यावर येते. अध्यक्षमहाराज, घड्याळ पाहिलंत ते मी पाहिलं. थोडंच राहिलंय.

मागच्या आठवड्यात दुरुस्तीच्या ढिगात मला एक जुना सूट सापडला. खांद्यावर गोल. सोबत चिठ्ठी ना निरोप. दादा दारात घुटमळत होता, लहानपणी बरणीतला लाडू काढून घुटमळायचा तसाच.

मी म्हटलं, "हा इथे काय करतोय?"

"मान सैल झालीय. आणि गुडघ्यांना जाड ठिगळं लाव."

"निवृत्त माणसाला गुडघ्यांना ठिगळं कशाला? घरात फरशी आहे. कुठे रांगायचंय तुला?"

"जुना आहे. नीट करून ठेवलेला बरा."

"दादा."

मग तो स्टुलावर बसला. म्हणाला, "खिंडीच्या उजव्या हाताला खाली एक फट आहे. तिथवर अजून हात गेलेला नाही."

"सोबत कोण?"

"आता कुणाला कसं सांगू? मी तर निवृत्त."

डॉक्टरांनी त्याला पोहण्याच्या तलावात उतरायलाही मनाई केली आहे. पायऱ्या चढून माझ्या खोलीपर्यंत आला, तर आधी दोन मिनिटं नुसता श्वास घेतो. मी विचारलं, "सापडले, तर काय करशील?"

"घेऊन येईन."

"आणि?"

"आणि तुला सांगेन."

"काय सांगशील?"

तो हातातली टोपी फिरवत बसला. माझा हा भाऊ, ज्याला आज तुम्ही सगळे वाघ म्हणालात, तो माझ्या खोलीत डिंकाच्या डब्याशेजारी बसून रडला. हे मी चारचौघांत सांगते आहे म्हणून तो घरी गेल्यावर माझ्याशी बोलणार नाही. चालेल. तो जिवंत राहून अबोला धरणार असेल, तर हवा तितके दिवस धरू दे.

मला भीती वाटते, मंडळी. साधी, सरळ भीती. उद्यापासून याला कुणी विचारणारं नाही. एके दिवशी हा वहिनींना दूध आणायला जातो म्हणून सांगेल आणि त्या फटीत हात घालायला जाईल. मग त्याला शोधायला कोण जाणार? आणि तो कुणाच्या हाताला लागणार? वहिनींच्या दाराशीही चपला तशाच पडून राहतील. ते कसं असतं, हे या सभागृहात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. वहिनींवर मी ती पाळी येऊ देणार नाही. तो सूट मी शिवलेला नाही. मान कापून काढली आणि उरलेल्या रबराची ठिगळं इतरांच्या सुटांना लावली. दादा, तू म्हणतोस तो नियम पाणबुड्याचा आहे. मी पाणबुड्या नाही. मी बायको आहे, आणि मला हात लावून पाहायची गरज नाही.

आमचे हे गेले. त्याच दिवशी गेले, त्या खिंडीत, एका माणसाचा पाय सोडवताना. हे वाक्य मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढते आहे. मला वाटलं होतं, ते काढताना माझा आवाज जाईल. गेला नाही, बघा.

मी आभार मानते ते पथकाचे, जे दरवर्षी माझ्या भावासोबत पाण्यात उतरलं आणि त्याला परत घेऊन आलं. खात्याचे, अध्यक्षांचे आणि संयोजकांचे आभार. पाच मिनिटं मिळूनही मी किती घेतली, ते न सांगणाऱ्या निवेदकांचेही. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोलले असेन. बोललेच आहे. सवय नसलेल्या बाईच्या हातात माईक दिला की असं होतं, तेव्हा थोरामोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

एक शेवटची विनंती, अध्यक्षमहाराज. कार्यक्रमपत्रिकेत ती नाही. पथकाच्या वर्धापनदिनी आपण गेलेल्या माणसांची नावं वाचतो आणि दोन मिनिटं उभे राहतो. त्या यादीत ह्यांचं नाव कधी आलं नाही, कारण दादाने येऊ दिलं नाही आणि मी मागितलं नाही. आज मागते. दादाच्या उत्तराच्या भाषणाआधी, आमच्या ह्यांच्यासाठी, सगळ्यांनी उभं राहावं.

थांबा. अजून कुणी उठू नका. आधी माझा भाऊ उठेल.

दादा, ऊठ.